लोखंडानं घेतलेली शपथ

१९७९ सालची कुजबुज अशी, की तलावाच्या गेटांचा अर्धा रंग केवळराम पेंटरनं बायकोच्या माहेरच्या डोंग्याला, म्हणजे लाकडी होडीला, फासला आणि खालच्या गेटावर नुसतं राख-घासलेट चोपडलं. गावच्या, बपेऱ्याच्या, पानठेल्यावर निघालेली गोष्ट मोहाडीच्या बाजारात पोचेपर्यंत एका डोंग्याचे तीन डोंगे झाले होते. आता बायकोवर, रत्नाबाईवर, हा गडी जीव टाकायचा हे खरंच. तिच्या चुलीच्या फुंकणीलासुद्धा त्यानं हिरवा रंग दिला होता. लोकांना वाटणारच की!

तलावाला दोन लोखंडी गेटं. वरचं हातभर पाण्यात, खालचं तीस फूट खोल. चार वर्षांपूर्वी केवळरामनं दोन्ही एकाच डब्यातून रंगवली होती. वरचं अजून तुकतुकीत. खालचं मात्र भादव्यात गंजून फाटलं आणि पाण्यानं तलावाखालचे बडे शेतकरी वासुदेवराव यांचं धान नेलं, बैलजोडी नेली.

वासुदेवराव तीन पुतण्यांसह आले. केवळरामला चौकात फरफटत नेलं, बैल हाकायच्या काठीनं, तुतारीनं, पाठ सोलली, उजवा हात दगडावर धरून ब्रश धरायची बोटं ठेचली.

"बोल बे! रंग कुठी गेला?"

"गेटालेच लावला, मालक."

"मंग वरचं काहून नाही सडलं?"

घरी हळद भरताना रत्नाबाईनं हळूच विचारलं, "खरं सांगा, माह्या बापाचा डोंगा...?" तेव्हा तो बोटांपेक्षा जास्त कळवळला. गाव गेलं उडत. ही एक बाई त्याला पटवायची होती.

पंच म्हणाले, देवळात शपथ घे.

केवळराम म्हणाला, "मी कायले घेऊ? लोखंड घेईल. मालक, रंग तुमीच लावा!"

दसऱ्याला वासुदेवरावांनी एकाच डब्यातून दोन पत्रे स्वतःच्या हातानं रंगवले. ठेचल्या बोटांचा पेंटर शेजारी बसून टोचत होता, "कोपरा राह्यला ना जी!" एक पत्रा हातभर पाण्यात टांगला, दुसरा साखळीनं तळाशी सोडला.

होळीला दोन्ही उपसले. वरचा जसाच्या तसा. खालच्याला देवी आल्यासारखे फोड. केवळरामनं डाव्या अंगठ्यानं एक फोडला. तांबडं पाणी थेट वासुदेवरावांच्या मिशांवर.

"मालक, तुमच्या सासरी डोंगा हाय का जी?"

गाव खदखदून हसलं. वासुदेवरावांनी त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. दोन दात मातीत पडले. केवळरामनं पत्रा उचलून धारेनं त्यांचं कपाळ फोडलं. मग पुतणे तुटून पडले, काठ्या निघाल्या, दगड आले. रत्नाबाई मुसळ घेऊन धावली आणि थोरल्या पुतण्याचं मनगट तिनं एका घावात मोडलं.

डोंगा तिच्या बापानं स्वतःच्या डांबरानं रंगवला होता. खालच्या गेटाला वरच्याइतकाच रंग लागला होता. तीस फूट पाण्याच्या दाबानं पाणी रंगाच्या बारीक छिद्रांतून आत शिरलं, रंग सुटला आणि लोखंड गंजलं.