नमुन्याला पाणी

निविदेच्या अटी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा सतरंजी किंवा बादली होती. पुरवठादाराने वस्तूचा एक नमुना सीलबंद करून जमा करावा, निविदा उघडेपर्यंत त्याला कोणीही हात लावू नये, नमुना खराब आढळल्यास निविदा बाद ठरेल. सतरंजीला हे चालतं. आमचा नमुना चिकूचं कलम होता.

डहाणूला, समुद्रापासून थोडं आत, बायकोची छोटी रोपवाटिका आहे. जागा भाड्याची, विहीर मालकाशी सामाईक, कामाला रानशेतच्या दोघी जणी. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मीही तिथे असतो. माझ्याकडे कागदपत्रं आणि चहा ही दोन खाती आहेत. तालुक्यातल्या एका कार्यालयाला पाड्यांवर वाटायला चिकूची कलमं घ्यायची आहेत, असं बरेच दिवस कानावर येत होतं. त्या भरवशावर तिने नेहमीपेक्षा कितीतरी जास्त कलमं बांधली. आता ती विक्रीच्या उंचीला आली होती. या पावसाळ्यात गेली नाहीत तर मुळं पिशव्या फाडून जमिनीत शिरली असती, आणि मग ती कोणी फुकटही नेली नसती. जागेचा मालक दोनदा हसत हसत विचारून गेला होता, पुढच्या वर्षी ठेवताय ना जागा? तो हसत विचारतो तेव्हा मला जास्त भीती वाटते.

रक्कम लहान, म्हणून ऑनलाइनची भानगड नव्हती. जुनीच पद्धत: कागदपत्रांचा एक लिफाफा, दरांचा दुसरा, दोन्ही मिळून तिसऱ्यात, वर लाख. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. एखाद्या तहाची कलमंसुद्धा या अटींइतकी बारकाईने वाचली नव्हती. प्रत्येक पानावर सही आहे ना हे मी मोजायचो, मग बायको मोजायची, मग आम्ही एकमेकांवर अविश्वास दाखवून परत मोजायचो.

जमा करायच्या दिवशी कार्यालयातल्या कारकुनाने कलमाच्या खोडाला सुतळीने चिठ्ठी बांधली आणि गाठीवर लाख ओतली. मागे सरून त्याने ते समाधानाने पाहिलं. एकूण तीन निविदा आल्या होत्या. आमची, तलासरीच्या एका म्हाताऱ्या रोपवाटिकावाल्याची, आणि पालघरच्या एका पुरवठादाराची. या तिसऱ्याकडे रोपवाटिका नव्हती. त्याच्या कार्डावर बाक, मच्छरदाण्या, जंतुनाशक पावडर आणि सोलर दिवे होते. रोपं त्याने अलीकडेच मनावर घेतली असावीत. तिन्ही कलमं मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत गेली आणि दाराला कुलूप लागलं. उघडायची तारीख परवाची होती.

दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्रक निघालं. समितीतले एक साहेब प्रशिक्षणाला गेले होते, सबब निविदा पुढच्या आठवड्यात उघडण्यात येतील. महिना मे. खोलीवर पत्रा.

बायको कारकुनाकडे गेली, मी मागे पिशवी धरून.

“ताई, पाणी घातलं म्हणजे नमुन्याला हात लावला,” तो म्हणाला.

“भाऊ, हात कुठे लावते? लांबून घालते.”

“लांबून म्हणजे?”

“झारीने.”

त्याने यावर खरोखर विचार केला. “झारी चालेल की नाही ते सोडा. तुमच्याला घातलं तर तिघांच्याला घालावं लागेल. आणि बाकीच्यांच्या पिशवीत तुम्ही पाणीच घातलं, की अजून काही, हे मी कसं सांगू?”

त्याचं बरोबर होतं. कारकुनांच्या बाबतीत हाच त्रास असतो. चूक असले की भांडता तरी येतं. शेवटी त्यानेच मार्ग सांगितला: तिघांनी लेखी संमती दिली तर इथल्या मोठ्या साहेबांना विचारून कुलूप उघडता येईल.

तलासरीच्या काकांनी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून तिथल्या तिथे सही केली. “बेन, झाडाला पाणी पाजायला सही? आण. अंगठा पण लावू?”

“काका, तुमचं कलम टिकेल ना तोवर?”

“माझी पिशवी मोठी हाय, ओल धरते. तुझं बघ तू.”

हे त्यांनी आपुलकीने सांगितलं. आम्ही घरी येईपर्यंत ते टोचत राहिलं.

पुरवठादार फोनवर म्हणाला, “वहिनी, मला जरा अभ्यास करू द्या.” एका दिवसाने म्हणाला, वकिलांशी बोलतो. त्यानंतर फोन उचलेना. बायको रोज कार्यालयात जाऊन बंद खोलीच्या खिडकीपाशी उभी राहायची. काच रंगवलेली होती. शिपायाला वरच्या झडपेतून दिसायचं.

“एकाने मान टाकलीय,” तो म्हणाला.

“कुठल्याने?”

“ते नाही सांगता येणार ताई. गोपनीय आहे.”

घरी तिने जेवणाचं ताट सारलं आणि उठून बाहेर गेली. विहिरीवरचा पंप सुरू झाल्याचा आवाज आला. ज्यांना पाणी मिळालं होतं त्या कलमांना ती परत पाणी घालत होती. जास्त पाण्यानेही मुळं कुजतात हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, म्हणून मी तिचं ताट झाकून ठेवलं.

शेवटी पुरवठादाराने आम्हाला हायवेवरच्या एका हॉटेलात बोलावलं. माणूस वाईट वाटला नाही. थकलेला वाटला. संमतीचा कागद त्याने सरळ वाचला, मागून कोरा वाचला, आणि उजेडात धरून पाहिला.

“सर, मी या लाइनीत खूप वर्षं आहे,” तो मला म्हणाला. “फुकटची सही कोणी मागत नाही. यात काय आहे ते सांगून टाका.”

“पाणी,” बायको म्हणाली.

“आणि?”

“पाणीच.”

“माझ्या सहीने तुमचा काय फायदा?”

“माझं कलम मरणार नाही.”

“आणि माझं?”

“तेही नाही मरणार.”

हे ऐकून तो फार अस्वस्थ झाला. आपल्याला आणि समोरच्याला एकाच वेळी फायदा होईल असा कागद त्याने कधी पाहिला नसावा. दोन चहा झाल्यावर त्याने अटी घातल्या: पाणी कार्यालयाच्या नळाचं, मापाचं भांडं एकच, आणि तिघे जण हजर. सही करण्याआधी त्याने पेन दोनदा खाली ठेवलं. मीही ठेवलं असतं. त्याच्या धंद्यात पेनाने झालेलं नुकसान मी पेपरात वाचत आलोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी समारंभ झाला. दुसरा शब्द सुचत नाही. साहेब आले, खुर्ची आणली गेली, कारकुनाने संमतिपत्र मोठ्याने वाचलं, आणि कुलूप उघडलं. आतून भट्टीसारखा वारा आला. आमच्या कलमाची वरची दोन पानं मऊ पडली होती, बाकी बरं होतं. काकांचं ताठ होतं. मान टाकलेलं कलम पुरवठादाराचं होतं. पानं खोडाला चिकटून लोंबत होती, अजून एखाद दिवस काढला असता तर गेलंच होतं. त्याला मात्र त्यातलं काही कळलं नाही. तो स्टीलच्या पेल्याकडे बघत होता, माप सारखं आहे ना म्हणून.

शिपायाने तिघांना एकेक पेला घातला. कारकुनाने पंचनामा लिहिला. बायकोने सही करण्याआधी त्या वाळलेल्या कलमाकडे पाहिलं आणि शिपायाला म्हणाली, “याला हळू घाल. माती घट्ट झालीय, वरून वाहून जाईल.” शिपायाने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी पुरवठादाराकडे. त्याने मान हलवली.

रिक्षात मी म्हटलं, “आपण गप्प बसलो असतो तर एक जण बाद झाला असता.”

“आपलंही गेलं असतं कदाचित.”

“कदाचित.”

“मग?” ती म्हणाली.

निविदा उघडल्या. तिन्ही नमुने पास. दरांचे लिफाफे फुटले. आमच्यात आणि पुरवठादारात फरक थोडाच होता, पण सरकारी कामात थोडा आणि फार असा भेद नसतो. काम त्याला गेलं. बायकोने साहेबांना नमस्कार केला, कलम उचललं, आणि घरी आणून बाकीच्यांत ठेवलं. मालकाचा फोन त्याच संध्याकाळी आला. मी विचार करून सांगतो म्हणालो. विचार काय करायचा ते आम्हा दोघांनाही कळत नव्हतं.

दोन दिवसांनी पुरवठादाराचा फोन आला. “वहिनी, माल तुमच्याकडूनच उचलावा म्हणतोय.” त्याने सांगितलेल्या भावात आमचं खतसुद्धा सुटलं नसतं. मी असतो तर हो म्हटलं असतं. माझा चेहरा बघून ती फोन घेऊन लांब गेली. कळवते म्हणाली आणि तलासरीला काकांना फोन लावला.

“मला पण आलेला,” काका म्हणाले. “हाच भाव.”

निविदा भरताना आम्ही लिहून दिलं होतं की दराबाबत अन्य कोणाशीही बोललेलो नाही. ते खरं होतं. आता निविदा संपली होती, आणि बोलायला कोणाची हरकत नव्हती. दोघांनी मिळून असा भाव काढला की पुरवठादाराला नावापुरतं सुटावं आणि आमचा खर्च निघून हातात काही राहावं. त्याखाली कोणीच द्यायचं नाही. बायकोने त्याला तो कळवला. बघतो म्हणाला.

मग फोन बंद. गुजरातच्या हद्दीत, उंबरगावपासून पुढे, रोपवाटिकांना तोटा नाही. त्याने तिकडे गाडी पाठवली असेल तर आम्ही आमची एकुलती एक वाट हाताने बुजवली होती. काकाही डगमगले तर? त्यांची पिशवी मोठी होती. मला रोज वाटायचं की तिला सांगावं, जरा खाली ये. रोज मी चहा करून आणायचो आणि सांगायचो नाही. खालच्या रांगेतल्या काही पिशव्यांतून मुळं बाहेर डोकावायला लागली होती. बायको ती कात्रीने छाटायची.

फोन आला तेव्हा ती पिशव्यांतलं गवत काढत होती. मातीच्याच हाताने तिने तो कानाला लावला.

“नाही... नाही हो, त्याखाली नाही... काकांना विचारलंत ना? मग तेच.”

फोन कानाशी धरूनच तिने अजून दोन पिशव्यांतलं गवत उपटलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

“गाडी कधी पाठवता?” ती म्हणाली.

फोन ठेवून ती बांधावरच बसली. आपल्या निविदेतल्या दरापेक्षा किती कमी, असं मी विचारलं.

“थोडा. काकांशी ठरला तोच. जागा राहील,” ती म्हणाली. मग साडी झटकून उठली आणि रानशेतच्या दोघींना, उद्या लवकर या, हे सांगायला गेली.