डिलक्स आवृत्तीतल्या वाघाची नखं

शनिवारी मुर्रीला बाबांकडे गेले होते. हातात नवीकोरी भेट, मनात उत्साह... आणि संध्याकाळी गोंदियात परतले ती डोकं तापवून. अजून उतरलेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

'जंगलगस्त' आठवतंय कुणाला? आमच्या लहानपणी एका साप्ताहिकात दर आठवड्याला पानभर यायची ती चित्रकथा. वनरक्षक दौलत, त्याची सायकल, शिकाऱ्यांचा पाठलाग... आमच्या घरी अंक आला की आधी बाबा वाचायचे, मग आम्ही.

कारण बाबा स्वतः नाकेदार, म्हणजे वनरक्षकच. सगळी नोकरी नागझिऱ्यात. धुळीत वाघाचा पंजा उमटलेला दिसला की त्यावर काच धरायची, काचेवर पेनने रेघ ओढायची आणि मग ती कागदावर उतरवायची... असे किती पंजे त्यांनी उतरवले असतील, त्यांनाच माहीत. आणि त्याच बाबांना एकदा 'जंगलगस्त'मधल्या पंजाला नखं दिसली.

वाघ चालताना नखं आत ओढून घेतो हो. मातीत चार बोटं आणि तळवा उमटतो, बस्स. नखं उमटतात ती कुत्र्याची. बाबांनी सरळ चित्रकाराला पोस्टकार्ड टाकलं... आणि त्या भल्या माणसाने ऐकलं! चित्रकथेची चार भागांत पुस्तकं निघाली तेव्हा दुसऱ्या भागात सगळे पंजे नव्याने काढलेले होते. शेवटच्या पानावर बाबांचं नाव, गाव आणि 'चूक दाखवून दिल्याबद्दल आभार'. लग्नपत्रिका सोडल्या तर बाबांचं नाव छापून आलं ते तेवढंच.

ते चारही भाग मागच्या पावसाळ्यात वाळवीने खाल्ले. बाबांनी नुसता खोका झटकून उन्हात ठेवला. मला मात्र ते लागून राहिलं. म्हणून डिलक्स आवृत्तीची जाहिरात दिसली तशी मी मागचापुढचा विचार न करता मागवली. ते पान त्यांना परत मिळावं, एवढंच डोक्यात होतं.

तर... कडक पुठ्ठा, चकचकीत कागद, वाचनखुणेला रेशमी फीत. बाबा खूश. खाटेवर बसून भिंग लावून पानं उलटू लागले आणि पाचव्या मिनिटाला थांबले.

"हे नखं कोनं काढले वं? वाघ चालून राह्यला का झाडावर चढून राह्यला?"

मी पाहिलं. नखं! एका नाही, प्रत्येक पंजाला. घाईघाईने शेवटचं पान उघडलं, तर तिथे प्रकाशकांच्या पुढच्या पुस्तकांची जाहिरात. बाबांचं नाव कुठेच नाही.

मग प्रस्तावना वाचली आणि टाळकंच सटकलं. 'साप्ताहिकाच्या मूळ अंकांवरून तयार केलेली अस्सल आवृत्ती' म्हणे! म्हणजे चित्रकाराने स्वतःच्या हाताने सुधारलेली चित्रं बाजूला सारून हे शहाणे त्याच्या चुकीकडे परत गेले. चूक जुनी असली की लगेच पूजेला बसवायची का?

बरं, मूळ-मूळ करता ना, मग काळ्या-पांढऱ्या चित्रांत रंग कुणी भरले? सांबराच्या अंगावर ठिपके दिलेत... सांबराच्या! सांबर कोणतं आणि चितळ कोणतं, हे आमच्या मुर्रीचं शेंबडं पोरही सांगेल. वर पान मोठं दिसावं म्हणून चित्रं खालून कापलीत, दौलतच्या सायकलला अर्ध्या ठिकाणी चाकंच नाहीत.

तिथूनच प्रकाशकांना फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, मॅडम, आम्ही मूळ कलाकृतीशी प्रामाणिक राहिलोय. अहो, मूळ कलाकारानेच ते बदललं होतं, मी ओरडले. त्यावर ती म्हणाली, तसा काही रेकॉर्ड आमच्याकडे नाही.

रेकॉर्ड नाही! आमचाही वाळवीच्या पोटात. आता पुढच्या वाचणाऱ्यांसाठी तो पंजा नखांसकटच, आणि बाबा कधी नव्हतेच...

"कायले बोंबलून राह्यली फोनवर? त्या पोरीनं पाह्यला हाये का वाघ?" बाबा म्हणाले. पण आवाज पडलेला होता, ते मला कळलं.

मग मला माळा आठवला. माझ्या होस्टेलच्या दिवसांतली स्वस्त आवृत्ती तिथे पडून होती. चारही भाग एकत्र, कागद पिवळा, डिंक सुटलेला, शाई फुटलेली. ती घेऊन खाली आले आणि धडाधड शेवटची पानं पाहिली. आभार नाहीत. कागद वाचवायला तेवढंच पान गाळलेलं. मी ती खाटेवर आपटली. "यातही तुमचं नाव नाही बाबा!"

बाबांनी सुटी पानं शांतपणे गोळा केली. भिंग लावून एकेक चित्र पाहत गेले. दोन्ही पुस्तकं मांडीवर उघडी ठेवली आणि स्वस्त आवृत्तीतल्या पंजावर बोट टेकवलं.

"पाय इकडं. नखं हायेत का याच्यात?"

"नाहीत."

"मंग? मी आहो ना तेथं."

मग बाबांनी दिवा लागेपर्यंत उरलेले सगळे पंजे पाहिले, एकही न सोडता.

दोन्ही पानांचे फोटो प्रकाशकांना पाठवलेत आणि सोमवारी पुन्हा भांडणार आहे. कुणाकडे पहिल्या आवृत्तीचा दुसरा भाग असेल तर शेवटच्या पानाचा फोटो पाठवा, प्लीज... राग गेलेला नाहीच. पण त्या स्वस्त छपाईवाल्यांना, ज्यांनी एक पान वाचवलं पण वाघाच्या पायाला हात लावला नाही, त्यांना आमच्या घरातून मनापासून धन्यवाद.