वीरुपाक्षअप्पांचा डावा हात

सोनपेठात कापड घ्यावं ते वीरुपाक्षअप्पांकडं. एक लुगडं मागायला गेलेल्या माणसाला ते व्याही, विहीण आणि अजून न ठरलेला जावई, असा सगळ्यांचा आहेर बांधून द्यायचे. पण अप्पांच्या मनालाही बाजारासारखी तेजी-मंदी होती. एका तेजीत त्यांनी इतके फेटे मागवले, की तालुक्यातली डोकी कमी पडली. मग मंदी आली आणि दुकानाचं शटर वर जाईना. परभणीच्या डॉक्टरांनी मन एका पातळीत ठेवणारी गोळी दिली. मूळ ती मिरगीची. अप्पा सावरले.

गेल्या वर्षी मंदी पुन्हा डोकावली, तशी लेक वैजयंतीनं त्यांना नांदेडला, आपल्या सासरगावच्या डॉक्टरांकडं नेलं. जुनी गोळी कधीच सुटली असं तिला वाटत होतं. आधीचं काही औषध चालू आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. अप्पा न्हाई म्हणाले. एका दुकानात बसून दुसऱ्या दुकानाचं नाव काढू नये, हा त्यांचा जन्माचा रिवाज. या डॉक्टरांनीही मिरगीचीच, पण दुसरी गोळी दिली. परभणीची सकाळी, नांदेडची रात्री. दोघांचाही मान राहिला.

हळूहळू अप्पा मंदावले. गिऱ्हाइकानं टॉवेल मागितला, तर नुसता टॉवेलच द्यायला लागले. नागुबाईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, पहिली शंका आली ती तिथं.

मग हात थरथरायला लागला. रोज सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून पूजा करायची, हे अप्पांचं लहानपणापासूनचं. आता तळहातावर बेलाचं पान ठरेना. एक दिवस लिंगच घरंगळून पाटावर पडलं. लिंग हातून पडू देणं म्हणजे लिंगायताला मोठा दोष; नागुबाई हातातलं काम टाकून धावत आली. अप्पांनी ते उचललं, वस्त्रात गुंडाळून गळ्यात बांधलं आणि चहा मागितला. दुसऱ्या दिवसापासून पूजा बंद.

"अहो, तुमाला काईच वाटंना का?" नागुबाईनं विचारलं.

"न्हाई."

"लिंग पडलं तुमच्या हातून."

"पडलं की. चहात साखर कमी हाय."

नागुबाई रडली. अप्पा चहा पीत राहिले.

गोळ्यांची दोन्ही पाकिटं घेऊन तिनं अप्पांना परभणीच्या एसटीत बसवलं. डॉक्टरांनी पाकिटं पाहिली आणि समजावून सांगितलं. गोळ्या दोन्ही चांगल्या. पण पहिली दुसरीला शरीरातून लवकर बाहेर जाऊ देत नाही, म्हणून दुसरी आत साचत जाते. ही थरथर, हा सुस्तपणा त्यातलाच. अंगावर चट्टे उठले असते, तर जिवावर बेतलं असतं. मनानं एकही गोळी सोडायची नाही, अशी ताकीद देऊन त्यांनी तिथूनच नांदेडच्या डॉक्टरांना फोन लावला. मग त्यांनी विचारलं, तिकडं सांगितलं का नाही?

"त्यांच्या दारात तुमचं नाव काढणं बरं दिसतं का, साहेब?" अप्पा म्हणाले.

डॉक्टरांना हसावं की रागवावं कळेना. अप्पा पाकिटं पिशवीत भरायला लागले.

दोघा डॉक्टरांच्या विचारानं दुसरी गोळी पुष्कळ कमी झाली. मनाच्या आधी हात सुधारला. एका सकाळी कुणी न सांगता अप्पा पाटावर बसले, गळ्यातलं लिंग सोडलं. नागुबाई कणकेच्या हातांनी दारात उभी राहिली. भस्म झालं, पाणी झालं, बेल वाहून झाला. लिंग तळहातावर ठरलं.

"कसं वाटलं?" तिनं विचारलं.

अप्पांनी लिंगावरचं बेलाचं पान काढून बाजूला ठेवलं.

"काई वाटलं न्हाई," ते म्हणाले. लिंग पुन्हा गळ्यात बांधता बांधता थांबले. "पर उद्या बी करतो."