अंगरख्यातली सुई

देऊळघाटात नाटकाचा राजा कोण होणार यावर दरसाल भांडणं जुंपायची. राजाचे कपडे कोण शिवणार यावर मात्र कधी दुमत झालं नाही. ते मनकर्णाबाईच शिवायची. नवरा शिंपी होता, तो प्लेगात गेला. मशीन दिरानं उचलून नेलं, अगदी भावाची आठवण म्हणून! हिच्या वाट्याला आल्या त्या सुया. मग बाई पाटला-देशमुखांच्या पेटाऱ्यांतले आज्या-पणज्यांचे अंगरखे मागून आणायची, उलटे करून मांडीवर घ्यायची आणि शिवण कुठून निघून कुठं जिरते ते बोटांनी चाचपून तसाच नवा अंगरखा उभा करायची. दुपारी गावातल्या पोरी तिच्या ओसरीवर बसून साखळी टाका, उलटा टाका, गोधडीचा धावदोरा शिकायच्या.

शिकवताना बाई तशी मऊ. पण एका गोष्टीत पक्की खाष्ट. सगळ्या सुया एका फ्लॅनेलच्या चिंधीत टोचून ठेवलेल्या, प्रत्येकीची जागा ठरलेली. चिंधी भरल्याशिवाय एकही पोर ओसरी उतरायची नाही. पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांना काय ठाऊक! माणसं विंचवाला भितात, साप-किरडाला भितात. मनकर्णा सुईला भ्यायची, आणि पोट तर सुईवरच होतं.

याला कारण होतं. तिच्या माहेरच्या गावी कौशल्याबाई म्हणून एक विधवा गोधड्या शिवून द्यायची. एका घरचं तान्हं मूल गेलं आणि त्याच्या गोधडीत सुई निघाली. राहिली असेल चुकून, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. करणी केली, म्हणाले. बाईचे केस ओढत तिला शिवेबाहेर काढलं, वर घर पेटवून दिलं. बघायला जमलेल्या गर्दीत आईचं बोट धरून लहानगी मनकर्णाही उभी होती. कौशल्याबाईनं एकदा मागं वळून पाहिलं होतं, ते तोंड तिला अजून दिसायचं.

तर एका साली दसऱ्याच्या नाटकात राजा व्हायचा मान शेषराव पाटलांच्या उत्तमरावाला मिळाला. पाटलांची दोन मुलं मागं लहानपणीच गेलेली, हा एकुलता एक. वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या सरकारात होतं. बुलढाण्याहून तहसीलदारसाहेब नाटकाला येणार होते, म्हणून पाटलांनी हात सैल सोडला होता. तांबडी साटीण आली, जरीची किनार आली. राजा लढाईत घाव खाऊन पडतो तो कसा, तर छातीवर, धाडकन. ही पडण्याची तालीम पोरगा महिनाभर करत होता आणि छाती खरवडून घेत होता. म्हणून मनकर्णानं अंगरख्याच्या छातीत रुई, म्हणजे पिंजलेला कापूस, भरली आणि लांब सुईनं गादीसारखे टाके घातले. नाटकाच्या आदल्या संध्याकाळी सुयांची चिंधी बरोबर घेऊन कपडा पाटलांच्या घरी पोचवला, उत्तमरावाच्या अंगावर घालून पाहिला. राजा शोभला. सगळे खूश.

नाटकाच्या दिवशी सकाळी तिनं चिंधी उलगडली. लांब सुईची जागा रिकामी होती.

तिनं ओसरी झाडली. सतरंजी उचलून झटकली. जमिनीवरून तळहात फिरवला, दोनदा फिरवला. दाराच्या फटीत काडी घालून पाहिली. पोरी आल्या तर त्यांना परकर झटकायला लावले. तेव्हा अंबू नावाची पोर सहज म्हणाली, "मावशी, लांब सुई त तुमी पाटलाच्या अंगरख्याले वापरली होती ना?"

मनकर्णा खालीच बसली. सुई रुईत राहिली. छातीच्या रुईत. आणि पोरगा संध्याकाळी त्याच छातीवर पडणार. टोचून निभावलं तर देवाची कृपा, खोल शिरली तर पोरगा हातचा जायचा. आणि मेला काय, जगला काय, सुई निघणारच, आणि ती विधवा शिंपिणीची आहे हे साऱ्या गावाला कळणारच. पोरींना तिनं घरी पिटाळलं आणि डोक्यावर पदर ओढून पाटलांच्या घराकडे निघाली. वाटेत कोणी हाक मारली तरी तिनं मागं पाहिलं नाही.

पाटलीणबाई, म्हणजे सत्यभामाबाई, देवघराच्या दारातच उभ्या होत्या.

"पाटलीणबाई, अंगरख्याचा एक बंद ढिला राह्यला वाटते. घडीभर द्या, पक्का करून देतो."

"नोको," सत्यभामाबाई म्हणाल्या. "देवापाशी ठेवला आहे. आता तो घराबाहेर जाईन त राजाच्या आंगावरच जाईन."

"मी इथंच बसून करतो."

"नोको म्हटलं ना मनकर्णे! काऊन मागं लागली?"

एरवी आल्या-गेल्याला चहा पाजणारी बाई, आज तिनं बसही म्हटलं नाही. वर डोळे असे रोखलेले, की मनकर्णाला वाटलं, हिला कळलं. सुई सापडली आहे आणि ही आता पाटील यायची वाट बघते आहे. ती उलट पावली घरी आली, आतून कडी लावली. दुपारभर बाहेर पाऊल वाजलं की तिला वाटायचं, आले. घर पेटलं तर काय न्यायचं हाही विचार करून झाला. न्यायला होतं काय, ती चिंधी.

पळून जावं हेही मनात आलं. मोताळ्याला बहीण होती. गाठोडंसुद्धा बांधलं. पण डोळ्यांपुढे सारखी उत्तमरावाची छाती येत होती. त्याचं पहिलं झबलं तिनंच शिवलं होतं. पळालं तर आपण वाचू, पोरगं मरेल. गाठोडं तसंच टाकून ती शाळेकडे निघाली.

शाळेच्या पटांगणात मांडव होता आणि एका वर्गात रंगपट. दिवेलागण झाली होती, गॅसबत्त्या पेटवणं चाललं होतं. उत्तमराव पलीकडच्या वर्गात मिशा चिकटवून घेत होता. रंगपटात सत्यभामाबाई एकट्याच, अंगरखा मांडीवर घेऊन, तान्ह्या पोराला घ्यावं तसा.

मनकर्णानं दार लोटलं आणि सरळ त्यांच्या पायाशी बसली. बंद ढिला आहे वगैरे जे ठरवून आली होती त्यातलं काहीच तोंडातून निघालं नाही.

"पाटलीणबाई, माही सुई हरवली. ह्या अंगरख्यात राह्यली. करणी नाही हो, आईच्यान! चूक झाली. मले मारा, गावातून काढा, काय करायचं ते करा. पण लेकराच्या आंगावर हे घालू नोका. तो छातीवर पडते!"

सत्यभामाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या उठल्या, दाराला कडी लावली. आता ही ओरडणार, असं वाटून मनकर्णानं डोळे मिटून घेतले.

"राह्यली नाही," सत्यभामाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "म्या घातली."

मनकर्णाला आधी काही समजलंच नाही.

"तू माप पाह्याले आली तवा तुह्या चिंधीतून काढली. दोन गेले माहे, मनकर्णे. आता हा एक. आज राजा होऊन साऱ्या गावाफुडं उभा राहीन, हजार डोळे लागतीन त्याले. आंगावर लोखंड असलं म्हंजे नजर लागत नाही. ज्या सुईनं कपडा शिवला तीच पाह्यजे म्हणतात. छातीपाशी घातली, जीव तिथंच असते म्हणून."

"आन् तो पडते तवा?"

सत्यभामाबाईंनी तोंडावर हात घेतला. महिनाभर घरात पडण्याची तालीम चालली होती, धाडधाड आवाज रोज कानावर येत होता. पण भीतीनं बाईची मती अशी गुंतली होती की सुई आणि पडणं या दोन गोष्टी तिनं एकत्र जोडल्याच नव्हत्या.

मनकर्णानं अंगरखा ओढून घेतला. डाव्या छातीवर तिनं टाका टाका चाचपला. बोटाखाली कडक लागलं. सुई रुईत फिरली होती, टोक आतल्या बाजूला, अंगाकडे. दोन टाके उसवून तिनं ती ओढून काढली. बाहेर ढोलकीवर थाप पडली. दारावर उत्तमरावानं धक्का दिला, "माय, अंगरखा दे ना, बोलावून राह्यले!"

"काढू नोको वं," सत्यभामाबाई रडवेल्या झाल्या. "तसाच पाठवू नोको त्याले. हात जोडतो."

मनकर्णानं त्यांच्याकडे पाहिलं. मग सुईचं टोक फरशीवर घासघासून बोथट केलं, सुईला दोरा गच्च गुंडाळला, आणि मागच्या घेराच्या कडेच्या गोटात, पडलं तरी अंगाला लागणार नाही अशी, आडवी ठेवून वरून शिवून टाकली. छातीचे टाके पुरे केले. तेव्हा कुठं कडी निघाली.

दोघी बायकांच्या बाजूला बसून नाटक पाहत होत्या. पाहत होत्या म्हणायचं इतकंच. लढाई आली, उत्तमराव घाव खाऊन छातीवर धाडकन पडला, तहसीलदारसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. सत्यभामाबाईंची नखं मनकर्णाच्या मनगटात रुतली होती. पोरगा पडून राहिला, फार वेळ पडून राहिला असं दोघींना वाटलं. मग पडदा सरकला आणि पडद्याखालून दिसलं, राजा उठून धोतर झटकत होता. सत्यभामाबाईंनी तिथंच जमिनीला कपाळ टेकवलं.

टाळ्यांच्या गलक्यात मनकर्णानं विचारलं, "पाटलीणबाई, सुई टोचली असती त लोकायले काय सांगतलं असतं तुमी?"

सत्यभामाबाईंनी कपाळाची माती पुसली. मग तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "तुह्यंच नाव सांगतलं असतं, मनकर्णे."

खरं बोलल्या, म्हणून मनकर्णाला रागसुद्धा धरता येईना. ती उठून घरी आली. दुपारी बांधलेलं गाठोडं दारातच होतं, ते सोडवलं नाही तिनं, तसंच कोपऱ्यात सरकवून ठेवलं.

पुढं ती बरीच वर्षं जगली. कोणाचाही कपडा असो, गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ती तो चार माणसांसमोर उलटा करायची, झटकायची, आणि म्हणायची, "हात फिरवा. सगळीकडून फिरवा. मंगच घ्या." पोरींनाही तिनं तेच शिकवलं. काय ती मनकर्णाबाईची सफाई, आतून-बाहेरून सारखं काम, असं गाव कौतुकानं सांगायचं. सत्यभामाबाई तेवढ्या काही बोलायच्या नाहीत. आपल्या घरचा कपडा आला की खाली मान घालून त्यावरून हात फिरवायच्या.

मनकर्णा गेली तेव्हा तिच्या घरात फारसं काही निघालं नाही. सुया चिंधीत जागच्या जागी होत्या आणि कोपऱ्यात एक बांधलेलं गाठोडं होतं. बाई कुठं निघाली होती, ते कोणालाच सांगता आलं नाही.