फणसाचे बूच

कल्लायी नदीकाठच्या त्या दारे-खिडक्यांच्या कारखान्यात चहाची वेळ कोणी घड्याळ पाहून ठरवीत नसे. ज्याचे हात आधी रिकामे होत, तो शेजाऱ्याच्या फळीवर मोगरीचे दोन ठोके मारी. शेजारी पुढच्याच्या फळीवर. अशी ती हाक सरकत सरकत शेवटी इट्टीरामनपाशी पोहोचे. त्याची जागा अगदी टोकाला, औषधाच्या टाकीजवळ होती. बायको गेली, मुलगी शारजाला गेली. दिवसभरात कोणी त्याला बोलवावे असे ते दोनच ठोके उरले होते.

भुंगा लागू नये म्हणून चौकटी त्या टाकीत बुडवीत. दर शनिवारी तळाचे बूच उपसून गढूळ औषध नदीत सोडणे हे इट्टीरामनचेच काम. बूचही त्यानेच फणसाच्या लाकडाचे घडविलेले.

एका ओहोटीला त्याची भावजय जानू तिसऱ्यांची, म्हणजे नदीतल्या शिंपल्यांची, पाटी घेऊन दारात उभी राहिली.

"एट्टा," तिने थोरल्या दिराला दादा म्हणून हाक मारली, "बघा ह्या. सगळ्या तोंड वासून पडल्यात. वर तुमची टाकी, खाली माझी चूल."

त्या संध्याकाळी त्याने फणसाचा एक तुकडा तासला आणि चुलीवरच्या फळीवर वाळत ठेवला.

शनिवारी त्याने टाकी नेहमीसारखी रिकामी केली. पांढुरके पाणी नदीत मिसळून दिसेनासे होईपर्यंत तो तिथेच उभा होता. मग जुन्या बुचाच्या जागी त्याने तो ठणठणीत सुका तुकडा बसवला, मोगरीने आत ठोकला आणि नवे औषध भरले. सुके लाकूड पाणी पिऊन फुगते, आणि एकदा फुगले की सोडत नाही.

पुढच्या शनिवारी त्याने बुचाला हात लावला नाही. शेजारच्या फळीवरचा बालन ते ओढून ओढून घामाघूम झाला.

"रामेट्टा, बूच आहे की तुमचा सासरा? हलायला तयार नाही!"

सगळे हसले. मुतलाळी, म्हणजे मालक, आला तेव्हा हसू थांबले.

"आशारी," तो आपल्या सुताराला म्हणाला, "हे काय?"

"सुकं ठोकलंय, मुतलाळी. आता टाकी फोडली तरच निघेल."

"मुद्दाम?"

"हो."

"मग हे विष काय माझ्या बिर्याणीत ओतू?"

"मागे पक्का हौद बांधा. उन्हात आटेल. गाळ भरून ठेवू. नदीत मात्र माझ्या हातून जायचं नाही."

मुतलाळी चिडला, पण त्याने हौद बांधला. तोवर काम बंद राहिले, मजुरी बुडाली. बालन तोंडावरच म्हणाला, "तिसऱ्यांचा एवढा कळवळा! आमच्या पोरांच्या पेजेचं काय, रामेट्टा?"

बालनचेही खोटे नव्हते.

काम पुन्हा सुरू झाले. चहाचे ठोके फळीफळीने येत, बालनच्या फळीपर्यंत येत, आणि तिथेच थांबत.

पावसाळा सरल्यावर एकदा जानूने वाटेत पाटी खाली धरली. "नखाएवढ्या आहेत अजून. पण आहेत, एट्टा."

ही गोष्ट कोणाला तरी सांगावी असे त्याला फार वाटले. दुपारी ठोके जवळ आले, थांबले. चहाच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला. थोडा वेळ वाट पाहून इट्टीरामनने मोगरी उचलली, स्वतःच्याच फळीवर दोनदा ठोकली, आणि डबा घेऊन तो नदीच्या पायऱ्यांकडे गेला.