बाळूचं साडेपाच

कॉम्प्युटरच्या पंख्यावर धूळ कधी साचते, कुणालाच कळत नाही. एके दिवशी झाकण उघडावं, तर आत गोधडी तयार! आमच्या टोळक्याच्या किश्शांचंही तसंच झालंय. परवा दवाखान्यात एका पेशंटला त्यातला एक सांगायला घेतला. त्याची भूल उतरली तरी माझं संपेना. शेवटी बिचाऱ्यानं हातानंच खुणावलं, की आधी दाढ काढा, मग सांगा! म्हटलं, आता लिहूनच काढावं.

टोळकं चौघांचं. मी दातांचा डॉक्टर, सिडकोत दवाखाना. बाळू जाधव वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. घर बजाजनगरात, शेती पडेगावच्या पुढं. हर्सूलचे कुलकर्णीकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आणि चौथा सलीमभाई. त्याचं पैठण गेटजवळ कॉम्प्युटरचं दुकान आहे आणि शनिवारी संध्याकाळी आम्ही तिथंच पडीक असतो.

आमचा नाद एकच, ओव्हरक्लॉकिंग. म्हणजे प्रोसेसरला कंपनीनं आखून दिलेल्या वेगाच्या पुढं पळवायचं. पळवला की तो तापतो आणि फार तापला की मशीन हँग. ही सगळी मस्ती सोसायची असते मदरबोर्डनं, ज्याच्यावर प्रोसेसर बसतो त्या पाटीनं. "याचा फायदा काय?" असं आम्हाला घरचे विचारतात. आम्ही विषय बदलतो.

बाळूला आयुष्यात एकदा साडेपाच गिगाहर्ट्झचा वेग बघायचा होता. त्याचं गाडं पाच पॉइंट चारवर अडलेलं. त्यातून मुदत लागली. त्याची मुलगी तनुजा जूनमध्ये ॲनिमेशन शिकायला पुण्याला जाणार, आणि हा कॉम्प्युटर तिला द्यायचा असं बापानं कबूल केलेलं.

"एकदा तिच्या हातात दिला की म्या त्याला बोट लावणार नाय," तो म्हणायचा. "पर त्याच्या आदी एकदा, फकस्त एकदा, साडेपाच बघायचंय!"

*

सुरुवात बोर्ड निवडण्यापासून झाली. बाळूचं म्हणणं असं, की बोर्डाची खरी ताकद प्रोसेसरला करंट पुरवणाऱ्या भागात असते. त्या भागावर उष्णता ओढून घ्यायला ॲल्युमिनियमचे ठोकळे बसवलेले असतात. पण हल्ली कंपन्या ठोकळ्यांवर प्लॅस्टिकची झगमग झाकणं लावतात. आत धातू किती आणि देखावा किती, हे फोटोवरून कसं कळणार?

बाळूनं डोकं चालवलं. एका शनिवारी तो घरातला डिजिटल वजनकाटा पिशवीत घालून दुकानात आला. त्याची बायको म्हणजे आमच्या वंदनावहिनी ज्याच्यावर केकचा मैदा मोजतात, तो! काउंटरवर काटा मांडला आणि म्हणाला, "भाई, एकेक बोर्ड काढा."

सलीमभाईनं कपाळावर हात मारला. "बाळूभाई, ये मदरबोर्ड है, भेंडी नहीं! अब बोलोगे, ऊपर से कोथमीर डालो!"

बाळू शांतपणे काट्यावरचा आकडा बघत होता. सगळ्यात वजनदार बोर्ड त्यानं बाजूला ठेवला, प्रोसेसरवर लावायच्या मलमाकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, "कोथमीर नको. थर्मल पेस्टची एक ट्यूब टाका वरून."

सलीमभाईनं टाकली!

*

वजनाच्या नादात एक गोष्ट बघायची राहिली. बोर्ड लांबीरुंदीलाही मोठा निघाला. बाळूच्या कॅबिनेटमध्ये तो काही केल्या बसेना.

तुम्ही-आम्ही काय केलं असतं? नवीन कॅबिनेट आणलं असतं. बाळू मेंटेनन्सचा माणूस. त्यानं वाळूजमधल्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून पत्र्याचं कॅबिनेट बनवून घेतलं. फॅब्रिकेटरनं आयुष्यभर कारखान्यांची कंट्रोल पॅनेलं बनवलेली. त्यानं तोच जाड पत्रा वापरला, पॅनेलांना मारतात तोच राखाडी रंग मारला आणि दाराला कुलूपही दिलं.

डिलिव्हरीला फॅब्रिकेटरसोबत दोन माणसं आली. बाळूनं विचारलं, "अरं, लई जड झालंय की! हे उचलायचं कसं?"

फॅब्रिकेटर खूश होऊन म्हणाला, "त्याची काळजी करू नका साहेब. वर क्रेनचा हूक अडकवायला जागा दिलीय!"

*

आता माझा किस्सा. प्रोसेसर ज्या सॉकेटमध्ये बसतो, त्यात केसासारख्या बारीक पिना असतात. प्रोसेसर हातातून निसटून त्यांच्यावर पडला की त्या वाकतात. नेमका बाळूच्याच हातातून तो निसटला.

तो तडक माझ्या दवाखान्यात आला. बोर्ड टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलेला, चेहरा पांढरा. "डॉक्टर, इमर्जन्सी!" बाहेर बसलेल्या लोकांनी घाबरून त्याला वाट दिली.

खुर्चीत देशमुखबाई होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना नुकतंच भुलीचं इंजेक्शन दिलेलं. भूल भिनायला पाच-दहा मिनिटं लागतात, म्हणून मी म्हटलं, तेवढ्यात बघून घेऊ. डोळ्याला भिंग लावलं, प्रोब घेतला आणि एकेक पीन सरळ करायला लागलो. काम दाताइतकंच नाजूक, शिवाय हा पेशंट हलत नाही, थुंकत नाही. मी रंगून गेलो. बाळू शेजारी श्वास रोखून उभा. शेवटची पीन सरळ झाली तेव्हा त्यानं मला मिठी मारली!

मागून अर्धवट बधिर तोंडातून शाळेतला तो खणखणीत आवाज आला. "डॉक्टर, आता माझ्याकडं वळा. त्याला वॉरंटी तरी असेल. माझी कधीच संपलीय!"

*

कुलकर्णीकाकांची तऱ्हा निराळी. आमच्या टोळक्यात मदरबोर्डचं मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचणारा हा एकच माणूस. तेही हातात पेन्सिल घेऊन, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारत.

काका वेग वाढवायचे तो अगदी चिमूटभर. मग पंधरा दिवस थांबायचं, निरीक्षण करायचं आणि मगच पुढची चिमूट. आम्ही त्याला काकांची वेतनवाढ म्हणायचो. बाळू बोर्ड जाळायच्या बेतात यायचा आणि काका गालात हसत म्हणायचे, "घाई करू नये. माझं बघा. वर्ष झालं, एकदाही हँग नाही!"

एका शनिवारी सलीमभाईनं सहज विचारलं, "काका, कहाँ तक पहुँचे?"

काकांनी अभिमानानं आकडा सांगितला. आम्ही तिघं एकमेकांकडं बघायला लागलो. बाळू चाचरत म्हणाला, "काका, हा तर कंपनीचाच आकडा हाय. बॉक्सवर छापलेला."

"हो ना," काका म्हणाले. "सुरक्षित असावं म्हणून आधी मी तो बराच खाली आणून ठेवला होता!"

*

एप्रिल लागला आणि आपल्याकडचं ऊन सुरू झालं. खोलीतच चाळीस डिग्री, तिथं प्रोसेसर थंड कसा राहणार? बाळूनं पाण्यानं थंड करायची सिस्टिम बसवली होती. पण त्यातलं पाणीच गरम व्हायचं. तनुजा जायला थोडेच आठवडे उरलेले, आणि आकडा पाच पॉइंट चारवरून हलायला तयार नाही.

मग त्याची नजर स्वयंपाकघरातल्या माठावर गेली.

एसी मेकॅनिककडून त्यानं तांब्याची नळी गोल वळवून आणली, चिंचेनं लख्ख घासली आणि माठात सोडली. कॉम्प्युटरचं पाणी नळीच्या आत, माठाचं बाहेर. दोन्ही एकमेकांत मिसळायचा प्रश्नच नाही. पाईप भिंतीवरून आतल्या खोलीत. आणि काय सांगू, तापमान झपकन खाली आलं! मी स्वतः बघितलं.

त्या रविवारी वहिनींचे माहेरचे लोक जेवायला आले. उन्हातून आलेली माणसं, प्रत्येकानं दोन-दोन ग्लास पाणी घेतलं. माठ निम्मा झाला, नळी उघडी पडली आणि आतल्या खोलीत तापमानाचा काटा वर पळाला. बाळू आतूनच ओरडला, "कोण पाणी पितंय रे?"

बाहेर सासऱ्यांच्या हातातला ग्लास तसाच राहिला!

तरी वहिनींनी समजून घेतलं. माठ पुन्हा भरला. पण दुपारी बाळू सलग चाचण्या करत बसला आणि संध्याकाळी सासऱ्यांनी पुन्हा पाणी मागितलं. एक घोट घेऊन ते लेकीकडं बघायला लागले.

वहिनी म्हणाल्या, "काय सांगू आप्पा! समद्यांच्या घरी माठात पाणी गार व्हतंय, आमच्या घरी तापतंय!"

दुसऱ्या दिवशी नळी माठातून बाहेर आली.

*

शेवटचा प्रयत्न पडेगावच्या शेतात झाला. तनुजा दुसऱ्या दिवशी पुण्याला निघणार होती.

कल्पना बाळूचीच. विहिरीचं पाणी भर उन्हाळ्यातही गार असतं. मोटार चालू केली की ते सिमेंटच्या हौदात पडतं. हौदात नळी सोडायची आणि मोटार चालू ठेवायची. गार पाणी येत राहील आणि तापलेलं वाहून जाईल. सकाळी सकाळी आम्ही मोटारीच्या खोलीसमोर कडुलिंबाखाली टेबल मांडलं. बोर्ड उघडाच वर ठेवला. काका थर्मामीटर घेऊन हौदापाशी, सलीमभाई वायरी जोडतोय, तनुजा स्क्रीनसमोर.

अडचण एकच होती, बाळूचे वडील, अण्णा. ती त्यांची मोसंबीला पाणी द्यायची वेळ. शेतातली लाईट दहापर्यंतच असते आणि त्या दिवसांत झाडं नुसती तहानलेली. मोटारीचं पाणी व्हॉल्व्ह फिरवून एक तर हौदात घ्यायचं, नाही तर मोसंबीला.

"किती येळ लागंल?" अण्णांनी विचारलं.

"अर्धा तास, अण्णा," बाळू खाली बघत म्हणाला. आमचा नियमच तो. नुसता आकडा दिसून उपयोग नाही, चाचणी अर्धा तास टिकली तरच खरी. आणि पुरावा म्हणून शेवटच्या स्क्रीनचा फोटो काढायचा.

अण्णांनी व्हॉल्व्ह मधोमध ठेवला. निम्मं पाणी हौदाला, निम्मं मोसंबीला. आणि हौदाच्या कठड्यावर बसले.

बाळूनं साडेपाच लावलं. मशीन चालू झालं, चाचणी सुरू झाली. सलीमभाई तोंडातल्या तोंडात दुवा पुटपुटत होता.

अण्णांनी नातीला विचारलं, "ह्ये लाल आकडं कशाचं गं?"

"आजोबा, ते तापमान आहे. ते नव्वदच्या वर गेलं ना, की संपलं."

"अन् साडेपाच कुठंय?"

तिनं बोट ठेवून दाखवलं. अण्णा चष्मा सावरून पुढं झाले ते मागं सरलेच नाहीत. ऊन चढत होतं. शहाऐंशी. सत्त्याऐंशी. बाळूच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण तो पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. अठ्ठ्याऐंशीला त्यानं डोळेच मिटून घेतले.

अण्णा वळले. कुणाला काही न विचारता व्हॉल्व्हपाशी गेले आणि मोसंबीचं पाणी त्यांनी पूर्ण बंद केलं. सगळी धार हौदात कोसळायला लागली. परत येऊन ते पुन्हा चष्मा सावरून उभे राहिले.

सत्त्याऐंशी. शहाऐंशी. पंच्याऐंशी.

आणि अर्धा तास झाला! स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत चाचणी पास झाल्याचं आलं आणि आम्ही सगळे लहान पोरांसारखे ओरडलो. काकांनी थर्मामीटर हवेत उडवलं. तनुजानं बापाच्या गळ्यात हात टाकले. बाळू रडत होता, आणि सांगायला लाज कसली, माझेही डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत मी कुणाला एवढं खूश झालेलं बघितलं नव्हतं.

तेवढ्यात, दहा वाजायच्या आधीच, लाईट गेली.

मोटार थांबली. स्क्रीन काळी. हौदात शेवटचे दोन थेंब पडले आणि सगळं शांत झालं.

"फोटो?" काकांनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. फोटो कुणीच काढला नव्हता! सलीमभाईच्या दुकानात लाईट गेल्यावर मशीन चालू ठेवणाऱ्या यूपीएसचा ढीग पडलाय, पण एक गाडीत टाकायचं त्यालाही सुचलं नव्हतं. "या अल्लाह!" म्हणून तो मटकन खाली बसला.

अर्धा तास वाट बघितली. लाईट काही आली नाही. तनुजाच्या सामानाची बांधाबांध व्हायची होती. बाळूनं तोंड पुसलं आणि नळी हौदातून काढायला लागला. काढता काढता त्याची नजर मोसंबीकडं गेली.

"अण्णा, तुमचं पाणी राहिलं."

"उद्या दिऊ की," अण्णा म्हणाले. "मोसंबी कुटं पुण्याला चाललीय?"

बांधापलीकडून शेजारच्या सोनाजीची हाक आली. सकाळपासून मोटारीचा आवाज ऐकत होता, पण त्याच्या बांधाकडच्या मोसंबीच्या ओळी त्याला कोरड्या दिसत होत्या. "ओ अण्णा! पाणी न्हाई सोडलं व्हय आज?"

अण्णा कठड्यावर चढले, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असे ओरडले, "आमच्या बाळूचं साडेपाच झालं!"

सोनाजीनं विचारलं, "म्हंजी काय झालं?"

"म्हंजी झालं!" अण्णा म्हणाले. "म्या बगितलंय!"