एका खोलीची ऊब

खानझोडेकाका कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्याशी थांबत आणि हुंगत. चपला काढायच्याही आधी. मान जराशी वर, डोळे अर्धवट मिटलेले, नाकपुड्या फुगलेल्या. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मला वाटलं, ह्यांना आमच्या घराची घाण येते आहे. मी मुळात तोंडाळ, त्यात शाळेतून नुकतीच दमून आलेली. काहीतरी बोलणारच होते, तेवढ्यात ते म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमच्या फ्रीजच्या मागं वायर तापून राहिली. पाहून घ्या." फ्रीज सरकवून पाहिलं तर प्लगचं प्लास्टिक मऊ पडलं होतं. त्या दिवशी त्यांना चहा मिळाला, आणि मग रोजच मिळू लागला.

रायपूरजवळ उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये भट्टीवर त्यांचा जन्म गेला होता. ती भट्टी कोळशापासून काढलेल्या गॅसवर चालायची. तो गॅस जिवाला घातक. नळ कुठे गळला तर माणूस उभ्या उभ्या कोसळायचा. त्याला तिथे 'गॅस लागला' म्हणत. गळती काकांना सगळ्यांच्या आधी कळायची. एकदा खड्ड्यात उतरू पाहणाऱ्या वेल्डरला त्यांनी कॉलर धरून मागे ओढलं होतं. तो वेल्डर दर दिवाळीला घरी येऊन त्यांच्या पाया पडून जाई. तो गेला की काका दिवसभर जमिनीवर पाय न टेकवता हिंडत. "आधी नाक, मग हात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाजी घेताना, दूध तापवताना, माझ्या मुलीचं स्थळ पाहून आल्यावरसुद्धा हेच. त्या मुलाला कसला वास येत होता, ते मात्र त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर मिलचं क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा आमच्या भिंतीला लागून असलेली चिंचोळी पट्टी त्यांनी घेतली आणि तिच्यावर एक खोली उभी केली. विटांची नाही. मोडीत निघालेल्या एका शीतगृहाचे पत्रे आणले, दोन्हीकडून पत्रा आणि मधे थर्मोकोल. एक दार, एक बेताची खिडकी, कोपऱ्यात ओटा, पडद्यामागे मोरी. गल्लीने त्या घराला 'डब्बा' नाव ठेवलं. सुमनकाकू म्हणाल्या, "आता मले बटाट्यासारखं टिकवून ठेवतात वाटते हे." काका रागावले नाहीत. त्यांनी मला पत्र्यावर हात ठेवायला लावला. बाहेर मे महिन्याची आग होती आणि आतला पत्रा गार. "उन्हाले आत याले फटच नाही ठेवली मी," ते म्हणाले. छपरावर सोलरची एक पाटी बसवली, खाली बॅटरी. तिच्यावर दोन दिवे आणि एक पंखा चाले. रायपूरच्या उन्हाळ्यात आमचा कूलर घरघरत होता आणि आम्ही घामाने चिंब. काका-काकू त्या डब्ब्यात पंख्याखाली स्वस्थ झोपत. गल्लीचं हसू तिथेच बंद झालं.

उन्हाळा जिंकला, पण खरी परीक्षा थंडीची होती. काकूंना संधिवात होता. बोटं वाकडी झालेली, गारठा पडला की मुठीत चमचासुद्धा धरवत नसे. रायपुरात कसली आली थंडी, असं बाहेरचे लोक म्हणतात. त्यांनी जानेवारीतल्या पहाटे काकूंना लुगड्याची गाठ मारताना पाहायला हवं होतं. मुलगा प्रशांत हैदराबादला. तो फोनवर आईबापांचं मराठी ऐके आणि उत्तर हिंदीत देई. "पापा, ठंड में मम्मी को लेके इधर आ जाओ. वो डिब्बे में रहना कोई रहना है?" काकांनी त्याला शब्द दिला होता: हा एक हिवाळा इथे काढून पाहतो, तिचे हात नाही सोसले तर दोघंही येतो. काकूंना जायचं नव्हतं. "तिथं मी सोफ्यावरची उशी होते," त्या मला म्हणाल्या. "इकडून उचलली, तिकडं ठेवली. इथं निदान ह्यांच्यावर ओरडाले तं भेटते." म्हणजे सगळं त्या एका हिवाळ्यावर येऊन ठेपलं होतं. खोली उबदार राहिली तर घर राहणार होतं.

दिवाळी सरली आणि काका ऊब शोधायला लागले. रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसून त्या दिवशीचा शोध सांगत. आधी तारांचा हीटर आणला. सोलरच्या बॅटरीला तो पेलणं शक्यच नव्हतं, आणि विजेचं कनेक्शन इतकं लहान की हीटर लावला की सगळंच बंद पडे. कनेक्शन वाढवून घेतलं असतं, पण मग महिन्याचं बिल पेन्शनला झेपलं नसतं. तेलाचा हीटर शेजारून मागून आणला, त्याचंही तेच. सिलिंडरवर चालणारी शेगडी दुकानात जाऊन पाहिली, हुंगली आणि परत ठेवली. "बंद खोलीत सिलिंडर? ना बाप्पा," म्हणाले. गरम पाण्याची पिशवी तासाभरात निवे आणि काकूंना ती उचलवत नसे. एकदा विटा तापवून, फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवल्या, तर गोधडी जळाली. "मले भाजून खा एकदाचं," काकू म्हणाल्या, आणि दोघं इतकी हसली की भिंतीपलीकडे आम्हीही हसलो.

शेवटी उपाय सुचवला रामबतीने. ती आमच्या आणि त्यांच्या दोन्ही घरी काम करायची. एके दिवशी ती डोक्यावर गोरसी घेऊनच आली. गोरसी म्हणजे मातीची पसरट शेगडी. छत्तीसगढच्या घराघरांत थंडीत ती असते. भुसा आणि छेना, म्हणजे शेणाच्या गोवऱ्या, घालून पेटवायची. धूर संपेपर्यंत अंगणात ठेवायची आणि निखारे राखेखाली धुमसू लागले की खाटेजवळ आणायची. बाळंतिणी तिच्यावर शेकतात, तान्ही मुलं शेकतात, म्हातारी माणसं तिच्याभोवती हिवाळा काढतात. तिला ना वीज लागते, ना बिल येतं. काकांनी ती अंगणात पेटवली, वाकून हुंगलं, थांबले, पुन्हा हुंगलं. पार राख धरल्यावर आत नेली. "काहीच वास नाही," ते आनंदाने म्हणाले. "एकदम साफ आग आहे, मास्तरीणबाई. मिलमधला गॅस असता तं नाकानं कधीच सांगितलं असतं."

ते दिवस त्या दोघांच्या चांगल्या दिवसांत मोजायला हवेत. काकूंची बोटं सुटली. त्यांनी कितीतरी दिवसांनी स्वतःच्या हाताने पोळ्या लाटल्या आणि त्यातल्या दोन आम्हाला पाठवल्या, वाकड्यातिकड्या, पण अभिमानाने पाठवलेल्या. प्रशांतचा फोन आला की काका मुद्दाम मोठ्याने बोलत: "तुझी माय पोळ्या करून राहिली, पोट्ट्या! आम्ही नाही येत!" दाराखालून मात्र वारा यायचा. काकूंची त्याबद्दल कुरकुर चाले. मग थंडीची लाट आली. उत्तरेचा वारा सुटला. काकांनी भंगारातून एका जुन्या जीपच्या दाराचं रबर आणलं आणि स्वतःच्या दाराच्या चौकटीला चारी बाजूंनी चिकटवलं. खिडकीच्या कडांनाही लावलं. दार लावलं की 'धप्' असा मऊ आवाज येई. तो आवाज ऐकवायला त्यांनी मला बोलावलं, दोनदा दार लावून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघाले तर काका पायरीवर बसलेले, डोकं दोन्ही हातांत धरून. जवळच ओकल्याचं दिसत होतं. पित्त झालंय, म्हणाले, डोकं फुटून राहिलं. काकू कुठे आहेत, मी विचारलं. त्यांचा चेहरा उजळला. "झोपली आहे. आज पहिल्यांदा निवांत झोपली. उठवू नका." तेवढ्यात रामबती भांडी घासायला आली, आत गेली आणि जे ओरडली ते मला अजून ऐकू येतं. काकू गेल्या होत्या. पायाशी गोरसी होती. राखेत अजून धग होती.

दवाखान्यात काकांना ऑक्सिजन लावला. तरुण डॉक्टर होता, बोलायला चांगला. त्याने मला सांगावं आणि मी काकांना, असं ठरलं होतं, पण काकांनीच त्याला धरलं. "डॉक्टरसाहेब, गॅस लागला म्हणता. मग वास काहून नाही आला? मी भट्टीवरचा माणूस आहे. मले वास येते." डॉक्टर म्हणाला, ह्या गॅसला वास नसतोच. निखाऱ्यातून निघतो, दिसत नाही, कळत नाही. गॅस लागलेल्याचा चेहरा उलट गुलाबी, टवटवीत दिसतो. कौलारू घरात फटींतून निघून जातो, तुमच्या खोलीला फटच नव्हती. काका ऐकेनात. "मिलमध्ये तं हाच गॅस होता. त्याले वास होता." डॉक्टर म्हणाला, "वो कोयले के डामर की बास रही होगी, काका. गॅस की नहीं."

काकांनी मास्क पुन्हा तोंडावर ओढला. बऱ्याच वेळाने तो बाजूला करून म्हणाले, "म्हणजे जन्मभर मी डांबर हुंगून राहिलो."

रामबती किती दिवस माझ्यासमोर रडत होती. "हमर घर मा त सब्बो झन अइसने तापथन दीदी, कभू कुछु नइ होइस." त्यांच्या घरी सगळे असेच शेकतात आणि कधी काही झालं नव्हतं, हे तिचं खरंच होतं. तिच्या घरात वाऱ्याला यायला-जायला शंभर वाटा. काकांनी तिला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट तिच्या वस्तीत जाऊन घरं पाहून आले. कुणी कौलं काढून स्लॅब घातला असेल तर त्या घरच्या बाईला हात जोडून सांगत, "गोरसी अंदर मत रखना, बहन."

मला या माणसाचा राग यायला हवा होता. इतका गर्व, इतकं ते नाक. पण मला फक्त त्या पोळ्या आठवत. आजही त्या माणसाबद्दल माझ्या मनात माया आहे, आणि ती लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

प्रशांत त्यांना न्यायला आला. जाण्याच्या दिवशी काकांनी गल्लीतल्या मिस्त्रीचा कटर मागून आणला आणि स्वतः स्टुलावर चढून छताखाली समोरासमोर दोन झरोके कापले. थर्मोकोलचा पांढरा भुसा त्यांच्या केसांवर पडत होता. "पापा, अब कौन रहेगा इसमें?" प्रशांत खालून म्हणाला, चिडून नाही, रडवेला होऊन. "कोणी तं राहीन," काका म्हणाले. काम झाल्यावर प्रशांत रिक्षा आणायला गेला आणि काका माझ्या शेजारी पायरीवर टेकले.

"बाई, एक सांगतो. पोट्ट्याले नाही सांगितलं," ते म्हणाले. "त्या दिवशी मले पहाटेच जाग आली. डोकं दुखून राहिलं होतं. दिवा लावला. सुमनचा चेहरा पाहिला तं कसा लाल, गुलाबी. गालावर रंग आलेला. नवी नवरी होती तेव्हा असा रंग होता तिचा. हात धरला, तं गरम होता. बोटं सरळ. मी म्हटलं, जमलं बापा. हिले ऊब लागली."

त्यांनी केसांतला पांढरा भुसा झटकला.

"मंग मी तिच्या अंगावर गोधडी नीट घातली," ते म्हणाले, "आन् बाहेर येताना दार पक्कं लावून घेतलं. वारा लागू नये म्हणून."